तांदळाच्या पिंपातल्या वह्या

या वेळचं पत्र सिंधुदुर्गातून आलंय. गाव, माणसं ओळखू येतील असे तपशील मी काढून टाकलेत, बाकी तिचेच शब्द आहेत.

“मावशी, गेली अठरा वर्षं मी भजन करते. पेटीवर मी, पखवाजावर आमचे हे. सुपारी तेच घेतात, बिदागी तेच मोजून घेतात. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याला, समोर कोणीही बुवा असो, मी हटत नाही. मुंबईचे चाकरमानी उठून बसायला जागा देतात, ‘बुवा’ म्हणूनच हाक मारतात. घरी आलं की वेगळं. गजर लांबला, समोरच्या बुवांकडे बघून हसले, कोणी माझ्या हातात शंभराची नोट ठेवली, काहीही कारण पुरतं. मारतात ते पाठीवर, दंडावर, लुगड्यात झाकेल असं. तोंडाला हात लावत नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी बारी असते.

यंदा चतुर्थीला मुंबईची भाची आली होती. तिने खळ्यात बसून मला टीना टर्नर नावाच्या अमेरिकन गायिकेचं गाणं दाखवलं आणि तिच्या आत्मचरित्रातली गोष्ट सांगितली. तिचाही नवराच मंडळ चालवायचा. मला रात्रभर झोप नाही. तेव्हापासून लिहितेय. दोन वह्या झाल्या, तांदळाच्या पिंपात तळाशी ठेवल्यात. भाची म्हणते, पुस्तक काढू. पण मुलीचं लग्न जमायचंय, मुलगा बारावीला आहे, घर अजून सासऱ्यांच्या नावावर. सासूबाई म्हणतात नामात राहा, सगळं सुटतं. कधी कधी पहाटे विहिरीवर गेले की वाकून नुसती बघत बसते. सांगा, पुस्तक काढू की नको? लोक काय म्हणतील? माझं वय 46. नाव छापू नका.”

बाय माझे, पुस्तकाचं नंतर. आधी विहीर.

तू ते वाक्य लग्न आणि बारावीच्या मागून, जाता जाता लिहिलंयस. मी ते पहिलं वाचलं. उद्यापासून पहाटे विहिरीवर एकटी जाऊ नकोस, मुलीला बरोबर घे, कारण काहीही सांग. आणि 14416 हा नंबर पाठ कर. टेलिमानस म्हणतात त्याला. सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्री दोनलाही कोणी तरी उचलतं. तुझ्या भाचीने तुला सांगितलं की नाही माहीत नाही, पण टीनानेही 1968 साली कार्यक्रमाच्या आधी झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या. वाचली. त्यानंतर ती पंचावन्न वर्षं जगली, 2023 च्या मे महिन्यात गेली, आणि जग तिला ज्या गाण्यांसाठी ओळखतं त्यातली किती तरी त्या पंचावन्न वर्षांत झालीत.

आता पुस्तक. काढ. पण आत्ता नाही.

तुझ्या भाचीने गोष्ट सांगितली, पण साल-तारखा सांगितल्या नसाव्यात. गोष्टीत सगळं एका रात्रीत होतं, सालं मांडली की कळतं काय आधी आणि काय मागून. टीना घरातून निघाली 1976 च्या जुलैत. घटस्फोट झाला 1978 मध्ये. एका मासिकाला पहिल्यांदा मारहाणीबद्दल मोकळेपणी सांगितलं 1981 मध्ये. पुस्तक आलं 1986 मध्ये. म्हणजे उंबरा ओलांडल्यावर दहा वर्षांनी. नवऱ्याच्या घरात बसून, त्याच्याच छपराखाली वही लपवून तिने पुस्तक काढलं नाही. तू नेमकं उलट्या टोकाने सुरू केलंयस, आणि त्या टोकाला तुझा जीव आहे.

तिची मला सगळ्यात लागलेली गोष्ट मारहाणीची नाही, नावाची आहे. टीना हे तिचं नावच नव्हतं. ती ॲना मे बुलक, टेनेसी राज्यातल्या नटबुश नावाच्या खेड्यातली, सभोवती कापसाची शेतं. 1960 साली पहिली तबकडी निघाली तेव्हा आईक टर्नरने तिला न विचारता तिचं नाव ठेवलं टीना टर्नर. तेव्हा त्यांचं लग्नही झालेलं नव्हतं. वर त्या नावाचे हक्क स्वतःकडे नोंदवून घेतले, म्हणजे ही पळालीच तर दुसरी कोणी तरी ‘टीना’ म्हणून उभी करता येईल. वाचलं आणि मला हसूच आलं. म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे हे काम तबकात तांदूळ पसरून, अंगठीच्या टोकाने करतात, आणि बाजूला बसलेल्या बायका टाळ्या वाजवतात. माझंही केलं होतं. तुझंही केलं असणार. ज्या नावाने तुला आज कुडाळपासून देवगडपर्यंत लोक ओळखतात ते तुझ्या आईबापाने ठेवलेलं नसणार.

तर 1978 मध्ये कोर्टात या बाईने काय मागितलं? मालमत्तेवर फारसा हट्ट धरला नाही. रद्द झालेल्या कार्यक्रमांची देणीही तिच्याच डोक्यावर बसली. तिने मागितलं ते नाव. ज्याने मारलं त्यानेच ठेवलेलं नाव. मला आधी कळेना, बाई हे कशाला मागतेय, पुसून टाकावं की. मग लक्षात आलं, नाव त्याने ठेवलं असेल, पण घाम गाळून ते मोठं तिने केलं होतं. तुझंही तसंच आहे. सुपारी कोणाच्या नावाने येते? पखवाजाच्या नावाने कोणी मंडप भरत नाही. (पखवाजी मंडळींनी रागावू नये, माझा सख्खा भाऊ पखवाज वाजवतो.)

आणि ती निघाली कशी, तेही नीट ऐक. डॅलस शहर. विमानतळावरून हॉटेलकडे जाताना गाडीतच मारामारी झाली, त्या दिवशी पहिल्यांदा तिने उलटून मारलं. हॉटेलात पोचल्यावर आईक झोपला. ती मागच्या वाटेने बाहेर पडली, ट्रक धावत होते तो हमरस्ता पळत ओलांडला आणि समोरच्या दुसऱ्या हॉटेलात गेली. जवळ होते 36 सेंट आणि पेट्रोलपंपावर चालणारं एक कार्ड. तिथल्या मॅनेजरने तिला ओळखलं आणि खोली दिली. निघण्याआधी तिने आईकला ‘मी चालले’ म्हणून सांगितलं नाही. यावरच मी सगळ्यात जास्त जोर देते, कारण आपल्या बायका इथेच चुकतात. भांडणाच्या भरात ‘एक दिवस निघून जाईन, सगळं लिहून ठेवलंय मी’ असं बोलून जातात. बाई हातची जातेय हे मारणाऱ्याला कळतं, तोच काळ सगळ्यात धोक्याचा असतो. तेव्हा तोंडातून अक्षर काढू नकोस. वह्यांचं तर मुळीच नको.

तू टीनाच्या गोष्टीने रात्रभर जागलीस, पण अशी गोष्ट तू स्वतः गेली अठरा वर्षं गातेयस. ‘संतकृपा झाली, इमारत फळा आली’ कोणाचा अभंग गं? बहिणाबाईचा, शिऊरच्या. तुकाराम कळस झाला हे आपल्याला तिने सांगितलं. साडेतीनशे वर्षांपूर्वीची बाई. लहान पोर असताना तिशीतल्या बिजवराशी लग्न लावून दिलेली. कीर्तनाला जाते, तुकोबाच्या नावाचा ध्यास घेते म्हणून नवऱ्याने तिला मारलं, बांधून घातलं, आणि हे तिने कुठे आडून सुचवलेलं नाही, स्वतःच्या आत्मचरित्रपर अभंगांत सरळ लिहून ठेवलंय. म्हणजे भजन करणाऱ्या बाईने नवऱ्याच्या माराबद्दल लिहावं की नाही, हा प्रश्न वारकऱ्यांच्या घरात केव्हाच सुटलाय. गावात कोणी म्हणालं की बुवाने असलं लिहिणं शोभत नाही, तर पेटी ओढून तो अभंग सुरू कर.

सासूबाई यावर लगेच म्हणतील की बहिणाबाई नवऱ्याला सोडून गेली नाही, पुढे तोच आजारी पडून सुधारला. खरं आहे, राहिली ती. पण 1640 च्या सुमारास पोरीला जायला जागा कुठे होती? आणि नामाचं म्हणशील तर टीनाही जप करायची. 1973 च्या सुमारास तिला कोणी तरी बौद्ध मंत्र दिला, ‘नम म्योहो रेंगे क्यो’, रोज तासन्‌तास म्हणायची. त्या जपाने नवरा सुधारला नाही. तिचा कणा ताठ झाला, आणि तीन वर्षांनी ती निघाली. नामात जरूर राहा. नामात राहून माणूस घराबाहेरही पडू शकतो, हे फक्त सासूबाईंच्या माहितीसाठी.

आपल्याकडची आणखी एक. हंसा वाडकर, जुन्या सिनेमातली नटी. मूळची रतन साळगावकर, सावंतवाडीकडची, म्हणजे आपलीच. नाव सिनेमाने बदललं, कमाई घरच्यांनी खाल्ली, नवऱ्याने छळलं. 1970 मध्ये तिचं आत्मचरित्र ‘सांगत्ये ऐका’ पुस्तकरूपाने आलं, मराठी वाचकांची झोप उडाली. पुढच्याच वर्षी ती वारली, पन्नाशीही गाठली नव्हती. 1977 मध्ये श्याम बेनेगलांनी त्यावरून ‘भूमिका’ काढला, स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुस्तक फार मोठं आहे, मी तीनदा वाचलंय. पण पुस्तकाने तिला दोन खोल्यांचं घर दिलं नाही, की शांत झोपेची दहा वर्षं दिली नाहीत.

म्हणून आधी घर, पैसा, कागद. यात मी जरा रुक्ष होणार आहे.

तुला वाटतंय घर सासऱ्यांच्या नावावर म्हणजे तुझं त्यात काही नाही. चूक. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा आहे, 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू. तू ज्या घरात सून म्हणून नांदलीस त्या घरात राहण्याचा तुला हक्क आहे, सातबाऱ्यावर किंवा घरपट्टीवर नाव कोणाचंही असो. घर सासऱ्यांचं आहे म्हणून सुनेला सरसकट बाहेर काढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. आणि या कायद्यात हिंसाचार म्हणजे फक्त मार नव्हे. तुझी बिदागी परस्पर ठेवून घेणं हाही त्यात येतो. अर्ज तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतो, संरक्षण अधिकारी म्हणून सरकारने नेमलेलं माणूस तो करायला मदत करतं. नवऱ्याने तुझ्याजवळ यायचं नाही, मारायचं नाही, खर्चाला इतकं द्यायचं, असे आदेश मिळू शकतात. निकड असेल तर समोरच्याचं ऐकण्याआधी अंतरिम आदेशही देता येतो. वकिलाचे पैसे कुठून आणू म्हणशील. बाईला उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, ओरोसला जिल्हा न्यायालयात चौकशी कर किंवा 15100 ला फोन लाव. महिलांसाठी 181. आणि अंगावर आलाच तर 112, तेव्हा विचार करत बसू नकोस. हे फोन भाचीच्या किंवा मुलीच्या मोबाइलवरून कर, तुझा फोन ते बघत असणार.

पोस्टात खातं उघड. पाचशे रुपयांत होतं. मोबाइल नंबर देताना बहिणीचा दे, नाही तर पहिल्याच जमेचा मेसेज त्यांच्यासमोर टुणकन वाजायचा. पासबुकही तिच्याकडेच. बक्षिसाच्या ज्या नोटा लोक तुझ्या हातात ठेवतात त्या आजवर कुठे जातात ते मी विचारत नाही, यापुढे त्यातल्या काही तिथे जाऊ देत. यूट्यूबवर तुमच्या भजनांचा चॅनेल असेलच, आणि तो त्यांच्याच मेलवर चालत असणार. भाचीला सांग, सगळी रेकॉर्डिंगं उतरवून घेऊन मुंबईत ठेव. गाणाऱ्याचा स्वतःच्या गाण्यावर हक्क असतो, तो कायद्यात आहे. गळा काही त्यांच्या नावावर चढवलेला नाही.

आणि दवाखाना. पैज लावते, आजवर जेव्हा जेव्हा दाखवायला गेलीस तेव्हा ‘पायरीवरून घसरले’ म्हणालीस. पावसाळ्यात शेवाळावरून घसरलेल्या बायका कोकणातल्या सगळ्या केसपेपरांवर सापडतील. आपल्या पायऱ्या इतक्या वाईट नाहीत. पुढच्या वेळी सरकारी दवाखान्यात जा, खरं सांग, डॉक्टरांना तसंच लिहायला सांग आणि कागदाचा फोटो भाचीला पाठव. पाठीवरचे वळ मुलीला काढू दे फोटोत. तिला माहीत नाही असं तुला वाटतंय का? बावीस-तेवीस वर्षांची पोर, भिंती चिऱ्याच्या असल्या तरी दारं लाकडाचीच असतात.

इथे मला माझं एक सांगायचंय. पुष्कळ वर्षांपूर्वी अशाच एका बाईने मला लिहिलं होतं. मी उत्तर दिलं, लेकीची दहावी होऊ दे, दोन वर्षं दम धर. फार शहाणपणाचं वाटलं होतं तेव्हा. दोन वर्षांनी पत्र आलं ते लेकीचं. दहावी चांगल्या मार्कांनी पास झालेली. आईला उजव्या कानाने ऐकू येईनासं झालं होतं. तेव्हापासून मुलांच्या परीक्षा आणि लग्नं यांच्या तारखा बघून मी कोणाला थांबायला सांगत नाही. तू तर गाणारी, तुझ्या कानांची किंमत मी तुला सांगायची का?

मुलीच्या लग्नाचं भय मी समजू शकते. स्थळं येतात तेव्हा ‘आईवडील एकत्र राहतात ना’ हे विचारतातच. पण आज जे घर तू राखतेयस ते बघून ती काय शिकून जाणार, हेही जमेला धर.

लोक काय म्हणतील? लोक आत्ताही म्हणतायत. तुमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक असणार. ‘घोवच मारता मा, परको तर नाय?’ असं म्हणणारी एखादी म्हातारी प्रत्येक वाडीत असते, आमच्याकडे होती. गंमत बघ, आपल्याकडे गाऱ्हाणं घालायची केवढी रीत. देवळात, शेतात, लग्नात, होळीला, ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून कोणी तरी उभं राहतं आणि अख्खा गाव ‘व्हय म्हाराजा’ करून साथ देतो. हरवलेल्या रेड्याचं गाऱ्हाणं होतं, न जमणाऱ्या लग्नाचं होतं. मारणाऱ्या नवऱ्याचं गाऱ्हाणं घालताना मी उभ्या जन्मात ऐकलेलं नाही. तुझं पुस्तक येईल तेव्हा ते असेल. ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारे निघतील, त्यात बायकांचे आवाज जास्त असतील.

पण त्याचीही एक बाजू सांगून ठेवते, नाही तर म्हणशील मावशीने सांगितलं नाही. टीनाला वाटलं होतं, एकदा सगळं सांगून टाकलं की विषय संपेल. संपला नाही. 1984 मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तिचं गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं, 1988 मध्ये रिओच्या मैदानात लाखावर माणसं तिला ऐकायला जमली, आणि मुलाखतीत पुन्हा तेच: तो तुम्हाला कसा मारायचा? म्हातारपणी तिला याचा उबग आला होता. एकदा पुस्तक आलं की तुझ्या गजराबद्दल बोलायच्या आधी लोक तुझ्या पाठीबद्दल बोलतील. तेव्हा पुस्तक काढशील तेव्हा त्यात गाणं भरपूर घाल. पहिली पेटी कुठून आली, चक्की कोण वाजवायचं, समोरच्या बुवाने टाकलेल्या कोड्याला कसं उत्तर दिलंस, घसा बसला तर काय घेतेस. नवऱ्याला चार प्रकरणं पुरेत.

तोवर वही बंद करू नकोस, फक्त आता वेगळ्या तऱ्हेने लिही. तारीख, वार, काय झालं, कोण घरात होतं, दवाखान्यात गेलीस का. कोरडं. तुझ्या मनातलं जे आहे ते भाचीला फोनवर सांग, ती टिपून ठेवेल.

आणि त्या दोन वह्या. दसरा होऊन भातकापणी उरकली की नवे तांदूळ गिरणीवरून येतील. पिंप उपसून, पुसून, उन्हात ठेवायला त्या दिवशी तूच असशील याचा भरवसा नाही. भाची अजून गावात असेल तर उद्याच तिच्या बॅगेत टाक. गेली असेल तर भजनाच्या निमित्ताने माहेरी जाशील तेव्हा लुगड्याच्या घडीत घालून ने आणि बहिणीच्या हातात दे. मुंबईला त्या पोचल्या की मला दोन ओळी लिही, पत्त्याशिवाय चालेल.